कमरेवरचा हात

“काकू, मी हात ओढला की ते आणखी घट्ट धरतात.” स्नेहलनं बाही वर केली. मनगटावर बोटांचे निळे वळ.

स्नेहल सांगलीची नर्स, जर्मनीत हॅनोव्हरच्या एका वृद्धाश्रमात नवीन लागलेली. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीची कच्ची मुदत, अजून चालू. तिथले हेर, म्हणजे श्रीयुत, केलर पूर्वीचे सुतार, आता डिमेन्शियाचे पेशंट. आंघोळ म्हटली की मनगट धरायचे. ही त्यांच्या खोलीत जायलाच घाबरायला लागली. तिच्या वरिष्ठ, फ्राऊ ब्रांट, स्पष्ट बोलल्या होत्या, “पेशंटला टाळणारी नर्स मी पर्मनंट करू शकत नाही.”

मी इथल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, कराटे शिकवते. वय विचारू नका, गुडघे आपणहून सांगतात. कराटेत काता असतो, एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली. त्यात एक हात वर येतो, तेव्हा दुसरा झटक्यात कमरेवर जातो. स्पर्धेत तो तिथे नुसता शोभेला. पण जुन्या कराटेत त्या हातात समोरच्याचं मनगट असायचं! ते कमरेकडे ओढायचं आणि वरच्या हातानं त्याचं कोपर दाबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही बरं का, स्वयंपाकघरात नवऱ्याला धरून धरून शोधलंय.

तेच स्नेहलला शिकवलं. मग दोघी फ्राऊ ब्रांटना दाखवायला गेलो. बाईंनी माझंच मनगट पकडलं. मी अगदी हलकं केलं, तरी त्या चवड्यांवर उठल्या.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” कोपर चोळत त्या म्हणाल्या. “आणि नव्वदीच्या हाडांचं काय होईल, फ्राऊ जोशी?”

बरोबरच होतं त्यांचं.

“हात सोडवा. पण त्यांना दुखता कामा नये. हे बसतं का तुमच्या कराटेत?”

घरी येऊन तोच काता सावकाश केला, ओढ काढून टाकून. मग उरलं काय? पाऊल! आणि ते पुढे पडतं. समोरच्यानं हात धरला की आपण सगळे मागे ओढतो. इथे उलटं. जवळ जायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं. पकड ढिली होते आणि मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं निसटतं.

“म्हणजे ज्यांना घाबरते, त्यांच्याच जवळ जाऊ?” स्नेहल म्हणाली.

“हो.”

“आणि दुसरा हात? कमरेवर?”

“भांडायला चाललीयेस का?”

ती हसली, मग विचार करून म्हणाली, “काकू, त्यांना काहीतरी धरायचंच असतं. त्या हातानं टॉवेल दिला तर?”

माझ्या डोक्यात नसतं आलं हे. पेशंट तिला माहीत.

पुढच्या आंघोळीला फ्राऊ ब्रांट दारात उभ्या होत्या. संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. “धरलं, काकू. मी पुढे गेले. सुटलं! टॉवेल दिला, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.”

“बाई काय म्हणाल्या?”

“हो, म्हणाल्या. मग तुमच्या काकूंना बोलवा, बाकीच्यांनाही शिकवू देत.”

स्नेहल पर्मनंट झाली. हेर केलरना अजून दर आंघोळीला टॉवेल लागतो. आणि मी क्लासमध्ये आता आधी पाऊल शिकवते, ओढायचं नंतर. बऱ्याच जणी तिथपर्यंत येतच नाहीत, आणि त्यांचं काही अडत नाही.