आप्पांच्या अंगातली भांग

फिजिओथेरपिस्टला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पेशंट पालथा पडलेला, कमरेवर शेकायचं मशीन, हलायची सक्त मनाई. मग माणूस हलवणार काय? तोंड! सुरतेच्या नवागामातल्या माझ्या एवढ्याशा क्लिनिकमध्ये दिवसभर हेच चालतं. मैत्रिणी म्हणतात, "तू व्यायामाचे कमी आणि ऐकण्याचे जास्त पैसे घे." पण आमच्या क्लिनिकचे निम्मे किस्से एकाच जोडप्याचे आहेत, त्यामुळे सवलत द्यावी लागेल.

आप्पा आणि जिजाक्का. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, उभा जन्म इथल्या पांडेसऱ्यात कापडाच्या लूमवर गेला. कंबर कामातून गेली, पण आप्पा कामावरून गेले नाहीत. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, तंबाखूच्या डबीत ठेवायच्या आणि शेंगदाण्यासारख्या टाकायच्या तोंडात! शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "ह्या गोळ्या बंद. नाहीतर मशीनवर रक्त गाळायला यावं लागेल."

जिजाक्का त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा डोळ्याला पदर लावलेला. आप्पा मात्र वैतागलेले. "गोळी बंद, ठीक. मग दुखणं कोणाच्या घरी ठेवू?"

*

मी शिकल्यासवरल्या माणसाची नेहमीची चूक केली. म्हणजे, समजावून सांगायला गेले.

म्हटलं, "आप्पा, गोळी बाहेरून कशाला? भांगेत जी नशेची द्रव्यं असतात ना, त्यांच्या जातीची द्रव्यं आपलं शरीर स्वतःच बनवतं. दुखणं, झोप, भूक, भीती, सगळ्यांवर त्यांचा लगाम. एकाचं नाव तर आनंदामाइड. शास्त्रज्ञांनी आपल्या संस्कृतातला आनंद उचलून त्यात घातलाय. ह्या सगळ्या कारभाराला एंडोकॅनाबिनॉइड सिस्टिम म्हणतात."

एवढ्या मोठ्या नावातलं आप्पांनी एकच पकडलं. मान वर करून म्हणाले, "म्हंजे मी रोज भांग पिसन कामले जास का?"

संध्याकाळपर्यंत बातमी कारखान्यात. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन. "बेन, तमे मारा कारीगरने भांग पिवडावो छो? आपणे त्यां तो नशाबंधी छे!"

मी घाईघाईने सांगितलं, शेठ, कोणी काही पाजत नाही, ती अंगातच तयार होते. पलीकडचा आवाज खाली उतरला. "अंगमां? केटलो स्टॉक रहे?"

खरं तेच सांगितलं. "स्टॉक रहेतो ज नथी, शेठ. जोईए त्यारे बने, ने तरत वपराई जाय." गरजेपुरती बनते आणि लगेच संपते, हे शास्त्र आहे.

शेठचा सगळा रस उडाला. "तो एमां धंधो शुं?" म्हणाले आणि फोन ठेवला!

*

पुढच्या खेपेला आप्पांनी विचारलं, "पण ही भांग दुखणं थांबवते कशी?"

ह्यावर मी घरी तयारी करून आले होते. म्हटलं, "पंगत आठवा. एक नस वाढणारी, दुसरी नस जेवणारी. वाढणारी दुखण्याची वार्ता वाढतच सुटते. पुरे झालं की जेवणारी ताटावर हात आडवा धरते, 'बस!' हा जो उलटा निरोप जातो ना, खालून वर, जेवणाऱ्याकडून वाढणाऱ्याकडे, तो ही भांग घेऊन जाते."

माझ्याच उपमेवर मी खूश. आप्पा गंभीर.

"मॅडम, खानदेशात हात आडवा धरला की वाढणारा थांबतो का? दोन मांडे जास्तीचे टाकतो!"

"तोच तुमचा आजार आहे, आप्पा!"

जिजाक्का कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाल्या, "काही का असेना, ह्यांच्या अंगात कोणीतरी कोणाचं तरी ऐकतं म्हणायचं."

*

आता हे द्रव्य वाढवायचं कसं? त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय म्हणजे भरभर चालणं. दम लागेल इतपत, मजेत. आप्पा म्हणाले, "लूमच्या मधून जन्मभर चालतोय." मी म्हटलं, "ते फेऱ्या मारणं झालं. मोकळ्या हवेत, मोकळ्या मनाने चाला."

आप्पा रोज सकाळी निघायला लागले. जिजाक्कांनी देवाला साखर ठेवली. महिन्याने वजन केलं तर काटा पुढे!

चौकशीत निष्पन्न झालं की आप्पांची मोकळी हवा चणाडाळीच्या वाफाळत्या लोचोच्या गाडीपाशी संपत होती. वर बटर, शेव, आणि थोडं विसावून परत. मी भडकलेच. आप्पा शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलं ना, भूकपण तीच वाढवते? भांग तयार होतेय, मॅडम. पुरावा पोटात आहे."

तेव्हापासून जिजाक्का सोबत जायला लागल्या. गाडीवाला अजून मला ओळख देत नाही.

*

त्यांच्या मुलाने, योगेशने, मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीला भुलून एक बाटली मागवली. हिरव्या पानाचं चित्र, हेम्प ऑइल की काय. मला हे उशिरा कळलं. आधीच किडनी नाजूक, त्यात हे काय ओतणार? तडक फोन लावला. "जिजाक्का, त्या बाटलीतला एक थेंबही आप्पांना द्यायचा नाही!"

"नाही दिला वं माय."

"मग बाटली कुठे आहे?"

"संपली."

"संपली म्हणजे?"

"पान वळखलं मी. म्हटलं, महादेवनी चीज महादेवलेच लाई दिधी. रोज दिवा लावला." आणि वर, "पण वास काही बरा नही त्याचा. देव कसा सहन करत असेल!"

*

चालण्याने फरक पडत होता, पण झोप येईना. मी सल्ला दिला, "पुतण्याचं लग्न आहे ना? चार दिवस गावाला जा. शांततेत झोपा, शरीराला तोल सापडेल."

हा सल्ला द्यायला नको होता. जन्मभर लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला शांततेत झोप येते होय? आप्पा गावभर डोळे ताणून हिंडले. ऐन हळदीच्या दुपारी गायब! सगळं लग्नघर शोधायला निघालं. जिजाक्का तर विहिरीपर्यंत जाऊन आल्या.

आप्पा सापडले पिठाच्या गिरणीत. पोत्यांवर आडवे, नखशिखांत पांढरे, आणि घोरत होते. त्यांच्या वहिनींनी भूत समजून किंकाळीच फोडली.

गिरणीवाला मात्र काकुळतीला आला होता. "बरं झालं आले तुम्ही. दळण कधीच संपलं. पण गिरणी बंद केली की पाहुणे दचकून उठतात, म्हणून तशीच चालवतोय!"

*

मग श्रावणात खानदेशी घरांतली कानबाई देवी आली. किडनीच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच एका सौम्य गोळीची पट्टी दिली होती, ती पण 'अगदीच सहन झालं नाही तर' ह्या अटीवर. पट्टी जिजाक्कांच्या ताब्यात. मी आप्पांना म्हटलं, "चार माणसांत नाचा, गाणी म्हणा. त्यानेही अंगातली ती द्रव्यं वाढत असावीत. मात्र कंबर सांभाळून."

आप्पांनी पहिला भागच ऐकला. विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडपुढे असे नाचले की योगेशने व्हिडिओ काढून मला पाठवला. मी तो तोंडावर हात ठेवून पाहिला. म्हटलं, संपलं. आता हा माणूस गोळ्यांची रास खाणार, आणि मग ते मशीन. मला रडू यायचं बाकी होतं.

तीन-चार दिवसांनी दोघं आले. आप्पा चालत, ताठ! कंबर ठणकते म्हणाले, पण सोसवते. नवा रिपोर्टही आणला होता. किडनी आणखी बिघडलेली नव्हती, डॉक्टरांनी पाठ थोपटली होती. मी म्हटलं, "बघू ती पट्टी."

जिजाक्कांनी बटव्यातून काढून दिली. रिकामी!

माझा पारा चढला. "आप्पा! हे काय? सगळ्या गोळ्या संपवल्या?"

"कानबाईची आण, मॅडम. मी एक नाही खाल्ली."

"मग उडून गेल्या?"

"हिला विचारा. मी मागितली का?"

जिजाक्का बटव्याची नाडी ओढत होत्या, सोडत होत्या. "नाही मागितली त्यांनी. सगळं घर त्यांच्या नाचाकडे बघत होतं." मग हळूच म्हणाल्या, "मीच खाई लिध्या. नैवेद्याच्या रोटांचं दळलं, पुरण वाटलं, सगळ्यांचं रांधलं, मग कानबाई डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालले. गुडघे उभे राहू देईनात."

आप्पा टेबलावर पालथे पडायच्या बेतात होते, ते तसेच थांबले. "तुलेबी दुखस?"

"दुखतं ना."

"कधीपासून? कधी सांगं नही!"

"कधी इचारं?"

आप्पा टेबलापासून बाजूला झाले. खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर अंथरला, हाताने सारखा केला.

"बठ," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, आज हिला विचारा. कुठे दुखतं, किती दुखतं, सगळं."

जिजाक्का टेबलावर बसल्या. पाय खाली पोचत नव्हते. एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कोठून सुरू करू?"