डाव्या पायाची चप्पल

माझ्यासारख्याने असं काही लिहावं का, हे मला नीट कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणी गेल्यावर काय लिहितात हे सांगणारं घरात कोणी नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. सोनी मावशी, माझ्या आईची थोरली बहीण, आमच्याच घरात राहायची; दोन महिन्यांपूर्वी गेली...

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून ती भाजीची टोपली घेऊन डहाणूच्या बाजारात यायची. पुढे कमरेतून कळ निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली आणि पाऊल बधिर झालं. चप्पल वाटेत निसटायची, मावशी तशीच पुढे चालत राहायची. बाजारात शेजारी बसणारी, समुद्रकाठच्या आगर गावची जयवंती काकी मासे विकता विकता ओरडायची, "सोने, एक पाय घरी ठेवून आलीस काय?" मावशी हसायची, "तो झोपलाय. झोपू दे त्याला." शेवटी हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून तिने ती चप्पल घोट्याला बांधूनच टाकली.

डॉक्टरांकडे मीच नेलं. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. "नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ, सूज उतरेल," ते म्हणाले. "मावशी, दुखणं काही आठवडे तरी हलकं व्हावं. बधिरपणा जाईलच, असं मात्र सांगत नाही."

मावशीला तर बधिरपणाच जायला हवा होता. बाहेर येऊन म्हणाली, "दुखणं राहिलं तरी चालंल. पण पायाखाली जमीन लागली पायजे रं. नायतर मी अर्धीच चालते."

इंजेक्शन घेऊन ती पाड्यावर परतली, मी वसतिगृहात. फोनवर तिचा आवाज सैलावलेला... किती वर्षांनी पाय पसरून झोपले, म्हणाली. झोपेत नाचणीच्या शेतावरून तरंगत जाते, खाली सगळं हिरवं हलत असतं.

"आणि पाय?"

"तो अजून स्वप्नातच हाय. जागा झाला की तुला सांगीन."

मी वाट पाहत राहिलो. परीक्षा चालू असतानाच ती झोपेत गेली. हृदय थांबलं; इंजेक्शनशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी गेलो तेव्हा दाराशी तिच्या चपला होत्या. डावीला चिंधी नव्हती. आईला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. चपला अजून तिथेच आहेत. कोणी हलवत नाही; येता-जाता आम्ही बाजूने पाय टाकतो.

परवा बाजारात जयवंती काकीच्या टोपलीला हिरवी चिंधी बांधलेली दिसली. मी नुसता बघत राहिलो. काकीने सुरी खाली ठेवली.

"आगरला आलेली ती, जायच्या आदल्या आठवड्यात. चपला हातात घेऊन ओहोटीच्या पाण्यात उभी राहिली. मग म्हणते, जयवंती, थंड लागतंय गं... डाव्यालाबी! तिथंच चिंधी सोडून माझ्या टोपलीला बांधली. मी म्हटलं, पोराला फोन कर. तर म्हणते, परीक्षा हाय त्याची. घरी आला की सांगीन."