मोहाखालचं अस्वल

बायको कमला वारली आणि गोंडपिपरीकडचा लहानू घर सोडून रानाच्या कडेला, तिच्या मोहाजवळच्या मचाणावर राहायला गेला. दरसाल त्या मोहाची फुलं कमलाच वेचायची. आता वेचणारं कुणी नाही म्हटल्यावर पहाटे एक मादी अस्वल येऊ लागलं. लहानू तिला वरून गावगप्पा सांगू लागला. बाईमाणूस मधे न बोलता ऐकून घेतंय, हे सुख त्याला संसारात कधी मिळालं नव्हतं! गावाने मात्र ठरवून टाकलं, लहानूचं डोकं फिरलं.

ही खबर मुंबईच्या दिव्यानी मॅडमपर्यंत पोचली. जनावरांत राहणाऱ्या दुःखी माणसावर माहितीपट करायला त्या कॅमेरा घेऊन हजर झाल्या. हट्ट एकच, लहानू आणि अस्वल एकत्र दिसले पाहिजेत.

लहानूला पुढचं दिसू लागलं. सिनेमा लागला की बघ्यांच्या जिपा येणार, अस्वल रान बदलणार. मग बोलायचं कुणाशी? त्याने कमलाच्या भावाला, झिंगूला गाठलं.

"काळं घोंगडं घे अन् नाल्यापलीकडच्या मोहाखाली रांगत ये."

"अन् खरं अस्वल आलं तं, भाऊजी?"

"तं मोठी बहीण समज अन् गुमान बस!"

पहाटे लहानू मॅडमना नाल्यापलीकडे घेऊन गेला. अंधुक उजेडात झिंगू झकास रांगला, गुरगुरलासुद्धा. मग त्याने फूल उचललं आणि घोटाळा झाला. त्याच्या घरची रीत अशी की हंगामातलं पहिलं मोहफूल कपाळाला लावल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. अस्वलाने फूल कपाळाला लावलं, झाडाला हात जोडले आणि मग खाल्लं.

कॅमेरावाला फिस्सकन हसला. मॅडमनी लहानूकडे पाहिलं.

"तो माहा साळा झिंगू. खरं अस्वल दाखवलं तं लोक येतीन, मॅडम," लहानू खाली मान घालून म्हणाला. "अस्वल निघून जाईन. घर मले खायले उठते. कमला नाई, म्हणून अस्वलासंग बोलून राह्यलो."

मॅडमनी कॅमेरा बंद करायची खूण केली. मग म्हणाल्या, "माझ्या सिनेमात झिंगूच अस्वल. शेवटी पडद्यावर त्याच्या नावासकट."

दुसऱ्या पहाटे अस्वल आपल्या मोहाखाली आलं. लहानूने तिला झिंगूची फजिती रंगवून सांगितली आणि कमला गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसला. ती आपली मुकाट खात होती.

"असं नाई खाऊ, बाई," तो म्हणाला. मचाणावर पडलेलं एक फूल उचलून त्याने कमलासारखं कपाळाला लावलं, आणि त्याला रडू कोसळलं. यंदाच्या हंगामातलं त्याचं ते पहिलंच फूल होतं.