ताईला पास द्यायचा नाही

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉलची टीम होती आणि ती हरायची. साठ सालानंतरची तीन वर्षं मी तिच्यात होते, शेवटच्या वर्षी कॅप्टन. हरण्याची इतकी सवय झाली होती की परतीच्या गाडीत आमच्या भेंड्या मस्त रंगायच्या.

अकोल्याचं कॉलेज तर आम्हाला दरवर्षी धुऊन काढायचं. त्यांच्या पोरी आमच्यामागे पळतच नसत. दोघी पुढे, तिघी रिंगखाली, हात पसरून उभ्या. जिनं तिनं आपली जागा राखायची, माणूस नाही. याला झोन म्हणतात एवढं आम्हाला माहीत होतं. तो फोडायचा कसा, हे ना आम्हाला ठाऊक, ना सरांना. सर मूळचे कबड्डीचे. रेषेबाहेरून ओरडायचे, "घुसा ना वो! कावून उभ्या राहिल्या?" आम्ही घुसायचो आणि आपटायचो. मैदान मुरमाचं, त्यामुळे गुडघे वर्षभर सोललेले.

त्या वर्षी माझं एक काम अडलं होतं. बी.ए. झाल्यावर बाहेरगावी राहून व्यायामशिक्षणाचा वर्षाचा कोर्स करायचा, असं मी ठरवलं होतं. फॉर्म आणून ट्रंकेत ठेवला होता. त्यावर वडिलांची सही हवी होती. वडिलांची गावाबाहेर भाजीची वाडी. पोरीनं शिकावं, हे त्यांना मनापासून वाटायचं. पण खेळ शिकायला घराबाहेर राहायचं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी म्हणाले, "अकोल्याची मॅच पायतो तुयी. तुयात काई दिसलं तं सही करतो. नाई तं बी.एड. कर मुकाट्यानं."

मी निश्चिंत होते. टीमचे निम्म्याहून जास्त गुण माझेच असत. वडिलांना दिसायला तेवढं पुरे होतं.

मॅचला पंधरा दिवस असताना माझा पाय मुरगळला. हळदीचा लेप लावून मी बाकावर बसले आणि आपल्या टीमचा खेळ पहिल्यांदाच बाहेरून पाहिला. सरांनी पाच जणींना अकोल्याच्या पोरींसारखं झोनमध्ये उभं केलं होतं, उरलेल्या पाच समोर. चेंडू या बाजूचा त्या बाजूला, तिथून कोपऱ्यात, असा भराभर फिरत होता. झोनवाल्या पोरी सरकेपर्यंत चेंडू पुढे गेलेला. बास्केट पडत होत्या. ते पाहून मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. हे सगळं माझ्याशिवाय चाललं होतं.

पाय बरा झाल्यावर मी आत उतरले आणि सगळं पुन्हा ठप्प. पहिल्या वर्षाची एक बारकीशी पोर होती, कोपऱ्यातून तिचा हात फार चांगला. ती एकदम मोकळी होती, तरी तिनं चेंडू मला दिला. मी खेकसले, "तू मोकळी होती ना? टाकला कावून नाई?"

ती कावरीबावरी झाली. "अवो ताई, तुमी असताना मी कशी टाकू? बरं दिसते काय ते?"

मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्या खाली बघत होत्या. म्हणजे सगळ्यांचंच तेच. घरात मोठ्यांच्या आधी कोणी ताटाला हात लावत नाही, तसं चाललं होतं आमचं. चेंडू हातात आला की आधी ताई कुठं आहे ते बघायचं. मग अकोल्याच्या पोरींना तरी दुसरं काय काम? त्याही ताई कुठं आहे तेच बघायच्या आणि माझ्याभोवती गोळा व्हायच्या. तीन वर्षं आम्ही रीतभात पाळून हरलो होतो. आणि मला तो मान आवडत होता, हेही खरं.

मी नियम केला. मैदानात कोणी ताई नाही. पाठीवरचा नंबर ओरडायचा. माझा सात. हातात चेंडू आला की मनात एक-दोन म्हणेपर्यंत सोडायचा. मी झोनच्या अगदी मध्ये उभी राहणार, अकोल्याच्या पोरी माझ्याकडे धावणार, की मी चेंडू कोपऱ्यात देणार. पहिल्यांदा "सात!" म्हणून हाक मारली तेव्हा त्या बारक्या पोरीनं जीभ चावली आणि कान धरले. चौथ्या दिवशी मात्र घसा ताणून ओरडायला लागली.

अकोल्याला वडील पांढरी टोपी घालून कडुनिंबाखाली पहिल्या रांगेत बसले होते. मी मध्ये उभी राहिले. ठरल्याप्रमाणे दोघी-तिघी माझ्यावर आल्या, मी चेंडू देत राहिले, बाकीच्या टाकत राहिल्या. अकोल्याच्या पोरी गोंधळल्या. तरी शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडचे गुण सारखे होते. चेंडू माझ्याकडे आला, माझ्या हक्काच्या जागेवर. समोर जरा फट होती. वडील वाकून बघत होते. तोवर मी एकही बास्केट केली नव्हती. मी हात उचललासुद्धा.

"सात!" कोपऱ्यातून हाक आली.

मी चेंडू तिकडे दिला. तिनं टाकला. आम्ही जिंकलो, अकोल्याविरुद्ध पहिल्यांदा. पोरींनी त्या बारकीला उचललं. सर तर रडलेच.

परतताना एस.टी.त मी वडिलांच्या शेजारी बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाकीच्या पोरी चांगल्या खेयल्या. तू तं एकबी टाकला नाई."

"बाबा, मी मधात उभी होती म्हणून त्यायले टाकता आलं."

"ते पायलं ना मी. हाती आलं का दुसरीले देऊन द्याचं. हे तं तुयी माय घरी रोजच करते. ते शिकाले वर्षभर बाहीर कायले जाचं?"

ते चिडून बोलले नव्हते. खरंच विचारत होते. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. पुढच्या बाकांवर भेंड्या चालू होत्या.

फॉर्म ट्रंकेतच राहिला. मी बी.एड. केलं, शाळेत मराठी शिकवायला लागले आणि शाळा सुटल्यावर मुलींची टीम घेऊ लागले. माझे नियम दोनच होते. पहिला, मैदानात कोणी कोणाची ताई नाही. तो मुलींना लगेच समजायचा. दुसरा नियम ऐकून त्या हसायच्या: ज्या दिवशी बाप बघायला येईल, त्या दिवशी एक तरी शॉट आपण स्वतः टाकायचा.