कोक्याच्या रानातला कोंबडा आणि माझा दादा

थंडीत फिरायला निघताना कानटोपी घ्या, असं मागच्या लेखात बजावलं होतं. विसरलात ना? मला वाटलंच. मी बोलते आणि नात लिहून घेते. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. तुमच्याजवळ मोबाईल आहे, तुम्ही खुशाल विसरा.

यावेळची गोष्ट विसरण्याचीच आहे. भाची शोभाचा भंडाऱ्याहून फोन आला, "आत्या, बाबा आता मलेही वळखत नाही. तुले वळखते का, एकदा पाहून घे." तिचा बाबा म्हणजे माझा थोरला दादा. मी त्याच दिवशी पिशवी भरली.

गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं, तेव्हापासून आम्ही पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो. तिथून पवनी, पवनीहून भंडाऱ्याची एसटी. मी पंच्याहत्तरी ओलांडली, मला तिकीट नाही, तुम्हाला पडेल. शोभाकडे भात आणि लाखोरीचं वरण जेवले. निघताना तिनं दादासाठी डबा दिला. उकडलेले शिंगाडे, सोलून पांढरे शुभ्र केलेले. दर शनिवारी पाठवते. "बाबाचे हात थरथरते ना, आत्या."

वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडून कोक्याच्या रानाकाठच्या गावी ऑटोनं गेले; दादा तिथे मुलाकडे राहतो. भाडं बसायच्या आधी ठरवा, उतरल्यावर ऑटोवाल्याची भाषा बदलते.

दादा अंगणात बाजेवर बसला होता. मी पाया पडले.

"कोनाच्या घरच्या पाव्हण्या?" त्यानं सुनेला विचारलं.

"दादा, मी येसू."

"माही येसू तं एवढीशी हाय," त्यानं हात गुडघ्याजवळ धरला. "तुमी तं म्हाताऱ्या!"

सून हसली, मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. शोभाचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं आत पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

"दर शनिवारी असंच करते, आत्याबाई," सून म्हणाली. "खातच नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्याला धरून रानाच्या काठच्या रस्त्यावर नेलं. गाडीनं आत जायचं तर गेटवर परवानगी काढा, पण रानकोंबड्यासाठी आत जायची गरज नाही. बांबूच्या बेटाजवळ चूप बसायचं, एवढंच. हे दादानंच शिकवलेलं. रानकोंबडा रात्री झाडावर झोपतो, उजाडताना तिथूनच बांग देतो. घरच्या कोंबड्यापेक्षा आखूड, मध्येच तुटलेली. मग खाली उतरून पालापाचोळा उकरतो. भित्रा असा, की पान वाजलं तरी नाहीसा होतो.

बांग आली. दादानं मान उचलली, तोंडाशी हात धरून तशीच बांग दिली. रानातून उत्तर आलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता आठवेल, आता म्हणेल येसू!

कोंबडा बांबूखाली दिसला. मानेवर पिवळसर ठिपके, शेपूट विळ्यासारखं वाकलेलं. त्यानं उकरलं, टुक-टुक केलं. दोन कोंबड्या धावत आल्या. चोचीतलं खाली टाकून तो बाजूला झाला.

"पाहा," दादा कुजबुजला. "पहिले बोलावते. त्याइचं झाल्यावर मंग खाते."

"दादा, मी कोन?"

"चूप बसा ना बाई, उडून जाईन तो."

घरी आलो. सुनेनं गावच्या बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, शिंगाडे सालासकट उकडून टोपलीत काढले होते. दादा टोपलीजवळ सरकला. काटा सांभाळत, थरथरत्या नखांनी एक सोलायला लागला. किती वेळ लागला म्हणता! सून मदतीला वाकली, तर मी तिचा हात धरून ठेवला. सोललेला शिंगाडा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

"खा."

मी खाल्ला. तेव्हाच त्यानं स्वतःसाठी दुसरा उचलला. जुन्या गावी तलावाच्या पाळीवर, मी गुडघ्याएवढी होते तेव्हा, असंच चालायचं आमचं.

नाव काही आठवलं नाही त्याला. निघताना म्हणाला, "येत जा, पाव्हणीबाई."

घरी येऊन आठ दिवस झाले. कानटोपी तिकडेच राहिली, हसा आता. पुढच्या हिवाळ्यात कोंबडा बांग देईलच. त्याला उत्तर द्यायला दादा असेल की नाही, कोण सांगणार?

शोभे, तू हे वाचतेस मला माहीत आहे. एखाद्या शनिवारी डब्यासोबत तूच जा, त्याच्यासमोर बस. आणि शिंगाडे सोलू नको, बाई. सालासकट उकडून पाठव.