रानडुकराच्या पोटावरचं ठिगळ

भावोजी गेल्याचा निरोप मिठबावला आला, तेव्हा मी अंगणात बांगडे सुकत घालत होते. ऐकलं, आणि टोपलीतले उरलेले बांगडेही घालून टाकले. रडू आलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू? मग गेल्या महिन्यात तुमच्या पेपरच्या पुरवणीत त्यांचा तो फोटो आला… हातात काडतुसाची बंदूक, पायाशी रानडुक्कर, खाली 'निधड्या छातीचा नेता'. माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहायला बसले.

तो रानडुक्कर माझ्या यजमानांनी मारला. आमच्या रताळ्यांच्या मळ्यात, स्वतःच्या बंदुकीनं. आमच्याकडे शिकारीचे वाटे त्याच संध्याकाळी पडतात, आणि ज्याचा बार लागला त्याच्या घरी मुंडी जाते. मुंडी आमच्या घरी आली, अख्ख्या वाडीनं पाहिली. हे थोरले भावोजी निवडणुकीला उभे राहायला मुंबईहून आले होते. बार उडाला तेव्हा ते माजघरात घोरत होते, घोरत!

दुसऱ्या दिवशी कणकवलीचा फोटोवाला घेऊन हजर. पण डुक्कर होता कुठे? वाडीच्या पोटात. यजमानांना म्हणाले, "मुंडी आणि तुझी बंदूक जरा दी रे. फोटो झालो काय परत देतंय."

मी आतून विचारलं, "आणि धड खंयसून आणतल्यात?"

त्यांनी गवताचा भारा आणवला, त्यावर माझी काळी घोंगडी घातली आणि पुढे मुंडी टेकवली. "थोरलो भाव आसा गो," एवढंच यजमान मला म्हणाले.

भावोजी निवडून आले. मुंडी परत आली, बंदूक काही आली नाही. ती दर निवडणुकीत त्यांच्या खांद्यावर मिरवली आणि इकडे डुकरांनी आमचा मळा उकरून खाल्ला. यजमान मागायला गेले, तर चार माणसांदेखत भावोजी हसले, "तुका बंदूक धरूक तरी येता काय रे?" त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढे शिकारीचं नावही काढलं नाही… आणि भावोजींच्या आधीच गेले.

घोंगडी माझ्याकडे आहे. थंडीत मीच पांघरते. उंदरांनी कुरतडली होती तिथे मी यजमानांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या सदऱ्याचं ठिगळ लावलं होतं, फोटोच्या आधीच. तुमच्याकडे ती पुरवणी असेल तर काढा. डुकराच्या पोटाकडे नीट बघा. पट्टे दिसतात ना?

तो सदरा ज्याचा, त्यानंच डुक्कर मारला.