मसाला सापडत नाही

मे महिन्यातला रविवार, सकाळचे दहा. मिरच्या सहा किलो, उन्हात कडकडीत वाळलेल्या. उपस्थित: मी, माझी बायको सुरेखा आणि गव्हाणहून आलेला तिचा भाऊ मोहन. अनुपस्थित: मसाल्याची कृती.

कृती सासूबाईंची. त्या गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी त्यांनी ती फक्त मला सांगितली (लिहून घेण्याची हौस घरात मलाच!) आणि मी ती कॉम्प्युटरवर चढवली. त्यांच्या हातच्या मसाल्याची शेवटची बरणी आता संपली होती.

माझ्या फाइलींना नावं नसतात, क्रमांक असतात. क्रमांकांची सूचीही आहे. सूचीलाही क्रमांक आहे. तो सूचीत आहे!

"भावोजी, अकराला डंकावर आपला नंबर हाय," मोहन म्हणाला. "मसाला कुटायला रांग लागलीय तिथं."

"काळजी नको. फाइलीतल्या मजकुरावरूनही शोधता येतं." मी रुबाबात 'मसाला' टाइप केलं.

सापडलं! सोसायटीतर्फे मीच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लिहिलेलं पत्र: 'मसाला भाजताना दार लावून घ्यावे.'

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?" सुरेखा ओरडली. "तरीच त्या माझ्याशी बोलत नाहीत!"

घाईने 'मिरची' टाकलं. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वासाबद्दलचे माझे सात अर्ज निघाले: 'डोळ्यांत मिरची गेल्यासारखे होते.' धणे नाहीत, लवंग नाही, दगडफूल नाही!

"आई तुम्हाला काय म्हणायची, ते टाका," सुरेखा म्हणाली.

"मोहनसमोर?"

"मापाडी!" मोहनने आनंदाने सांगून टाकलं. "सगलं मोजूनमापून लिवता ना! सगला गाव तेच बोलतो."

टाकलं. एकच फाइल! सुरेखा मोठ्याने वाचू लागली:

'लिवा, मापाडी. ह्या घ्या पसाभर. त्या जरा कमी. ह्ये भाजा, वास येईपर्यंत. त्ये भाजू नका, कडू व्हतं.'

"अगदी आईच बोलतेय..." मग डोळे पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. "पण 'ह्या' म्हणजे कुठल्या?"

ताटं समोर मांडून, बोट दाखवत त्या सांगत होत्या. मी शब्दन् शब्द उतरवला होता. कागदावर प्रत्येक 'ह्या'पुढे बाण काढून जिन्नसाचं नावही लिहिलं होतं. कॉम्प्युटरवर बाण टाइप करता येईनात, म्हणून नावांसकट गाळले.

"खाली अजून हाय," मोहन म्हणाला आणि त्याने शेवटची ओळ वाचली:

'आन ह्यो कागद टाकू नका. तुमच्या त्या डब्यात काय गावायचं नाय.'

हे वाक्य मी एकही चूक न करता टाइप केलं होतं, दोनदा तपासलं होतं आणि मगच कागद रद्दीत घातला होता.